सोलापूरहून मुन्नार: धबधबे आणि चहाचा कारखाना एका दिवसात कसा बसवायचा

दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत 'केरळ करून येऊ' असं ठरवणारी घरं सोलापुरात आता गल्लोगल्ली सापडतात. बहुतेकांचा बेत सारखाच असतो. कोची, अलेप्पीची हाउसबोट आणि मध्ये कुठंतरी मुन्नारला एक दिवस. त्या एका दिवसात ड्रायव्हर दहा 'पॉइंट' दाखवतो, गाडीत दोन पोरं ओकतात, चहाच्या कारखान्यावर पोचावं तर दार बंद झालेलं असतं आणि परतीच्या घाटात अंधार पडतो. यादी छोटी ठेवली आणि थांब्यांचा क्रम बरोबर लावला तर हाच दिवस मस्त जातो. जाताना रस्त्यावरचे धबधबे, दुपारच्या आत चहाचा कारखाना, जेवणानंतर आणखी एक धबधबा आणि साडेतीनला परतीची वाट, एवढंच करायचं. हे जमवायचं कसं, ते पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी सविस्तर लिहितो.

१. आधी महिना ठरवा, मग तिकीट

आपल्याला फिरायला मोकळीक असते ती एप्रिल-मेच्या सुट्टीत. मुन्नारची थंड हवा तेव्हाही मिळते, पण धबधबे पार रोडावलेले असतात. चीयप्पारासारखा धबधबा तेव्हा खडकावरून ओघळणाऱ्या चार धारांवर येतो. धबधबे बघायचेच असतील तर सप्टेंबर ते डिसेंबर हा काळ चांगला. पाऊस ओसरलेला असतो आणि डोंगरातलं पाणी अजून वाहत असतं.

एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या माणसाच्या लक्षात येत नाही. केरळला पाऊस दोनदा भेटतो. जूनचा नैर्ऋत्य मोसमी जातो न जातो तोच ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुसरा सुरू होतो, आणि हा बहुधा दुपारनंतर गडगडाट करत येतो. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी उघड्यावरचं सगळं सकाळीच उरकावं. डिसेंबर-जानेवारीत आकाश स्वच्छ मिळतं आणि थंडीही कडक असते. गाव साधारण पंधराशे मीटर उंचीवर आहे, तेव्हा सोलापूरच्या जानेवारीवर विसंबून नुसती शाल घेऊन जाऊ नका.

जून ते ऑगस्टमध्ये लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. धबधबे तेव्हा सर्वांत देखणे असतात, पण दरडीही तेव्हाच कोसळतात. ऑगस्ट 2020 मध्ये राजमलाजवळच्या पेट्टिमुडीला चहामळ्यातल्या कामगारांच्या अख्ख्या चाळी दरडीखाली गेल्या. जायचंच असेल तर हवामान खात्याचा इडुक्की जिल्ह्याचा इशारा रोज बघा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल त्या दिवशी घाट चढू नका.

२. सोलापूरहून पोचायचं कसं

सगळ्यांत सोयीची आपली जुनी जयंती जनता, म्हणजे पुणे-कन्याकुमारी एक्सप्रेस, क्रमांक 16381. सोलापुरात बसायचं आणि थेट केरळात उतरायचं, मध्ये कुठंही गाडी बदलायची नाही. प्रवास चोवीस तासांहून जास्त आहे. पण वाटेत गुंतकल येतं, आंध्र येतो, तमिळनाडू येतो आणि पालघाटच्या खिंडीतून शिरलं की खिडकीबाहेरचा रंगच बदलतो.

तिकीट एर्नाकुलम टाउनचं काढलं तरी चालेल, पण मुन्नारच गाठायचं असेल तर आलुवा इथं उतरा. मुन्नारचा रस्ता तिथूनच निघतो आणि कोची शहराची गर्दी टळते. आलुवाहून मुन्नार सुमारे 110 किलोमीटर. अंतर ऐकून फसू नका. त्यातले शेवटचे साठेक किलोमीटर घाटाचे आहेत, त्यामुळे न थांबता चार तास धरा.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि सुट्टीच्या तारखा लगेच वेटिंगला जातात. तत्काळच्या भरवशावर राहणार असाल तर आयआरसीटीसीच्या खात्याला आधार आधीच जोडून घ्या. जुलै 2025 पासून त्याशिवाय ऑनलाइन तत्काळ निघत नाही. घाई असेल तर पुण्याहून कोचीला थेट विमान आहे. विमानतळ नेडुंबश्शेरीला, म्हणजे आलुवाच्या अलीकडेच आहे, तेव्हा तिथूनही हाच रस्ता लागतो.

सोलापुरातून स्वतःची गाडी घेऊन जाणारेही बहाद्दर आहेत. ज्याला चालवायची हौस आहे त्यानं खुशाल जावं, पण मुन्नारच्या दिवशी तरी स्टेअरिंग तिथल्या ड्रायव्हरच्या हातात द्यावं.

रेल्वेतून उतरलात त्याच दिवशी घाट चढू नका. रात्री आलुवा-कोचीकडे मुक्काम करा आणि पहाटे निघा. त्याहून चांगलं म्हणजे आदल्या संध्याकाळी मुन्नारला पोचून तिथंच राहायचं. मग खालचा क्रम उलटा होतो: सकाळी कारखाना आणि उतरताना धबधबे.

३. सोबत काय घ्यायचं

- आधारकार्ड, प्रत्येकाचं मूळ. हॉटेलात आणि रेल्वेत दोन्हीकडे लागतं. मुलांचंही घ्या.
- रेल्वेचं आणि हॉटेलचं बुकिंग मोबाइलमध्ये, शिवाय एक कागदावर.
- सुट्टे पैसे. यूपीआय सगळीकडे चालतं, पण धबधब्यापाशी रेंजच नसते.
- मोबाइलमध्ये उतरवून ठेवलेला नकाशा. नेरियामंगलमच्या पुढच्या जंगलात नेटवर्क जातं.
- स्टीलची पाण्याची बाटली. केरळच्या डोंगराळ पर्यटनस्थळी एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर बंदी आहे.
- स्वेटर, छत्री किंवा रेनकोट, आणि मागे पट्टा असलेली, तळाला खाचा असलेली चप्पल. कोल्हापुरी घरी ठेवा.
- गाडी लागत असेल तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी. ती घाट सुरू व्हायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते. मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही.
- पावसाळ्यात जाणार असाल तर मिठाची पुरचुंडी. ओल्या गवतातून चाललात की जळवा लागतात. मीठ टाकलं की सुटतात, ओढून काढू नका.
- शेंगाचटणी आणि कडक भाकरी. हसू नका. खोबरेल तेलातलं जेवण दोन दिवस कौतुकानं होतं, तिसऱ्या दिवशी घरातलं वडीलधारं माणूस डबा शोधायला लागतं.

४. गाडी ठरवताना हे विचारून घ्या

भाव दिवसावर आहे की किलोमीटरवर? टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता त्यात धरलाय का? रात्री किती वाजेपर्यंत? ही उत्तरं व्हॉट्सॲपवर लेखी मागा. बोलण्यात 'ऑल इन्क्लुडेड' असतं आणि उतरताना हिशेब निघतो.

दुसरी गोष्ट, थांबे तुम्ही सांगा, ड्रायव्हरला सांगू देऊ नका. आडिमालीच्या आसपास 'स्पाइस गार्डन'च्या पाट्या रांगेनं लागतात. आत वेलदोडा, मिरी, जायफळाची झाडं दाखवतात. ते बघायला छान आहे, पण फेरी संपते ती दुकानात. तिथं गुडघेदुखीपासून केसगळतीपर्यंत सगळ्यावर तेल असतं, किमती चढ्या असतात आणि गाडी तिथं थांबवण्यामागे बऱ्याचदा कमिशन असतं. तास-दीड तास तिथंच गेला की कारखान्याचा वेळ बुडतो. वेलदोडे मुन्नारच्या बाजारात चार दुकानं फिरून घ्या.

एकटे-दुकटे असाल तर गाडी करायची गरजच नाही. आलुवाहून केरळ एसटीच्या बस मुन्नारला जातात. मुन्नार डेपोतून आसपास फिरवणाऱ्या बसही सुटतात. तिकडच्या एसटीचे ड्रायव्हर घाटात जी वळणं घेतात ती बघून बार्शीचा घाट चालवणाराही टोपी काढेल.

५. पहाटे पाचला निघा: नेरियामंगलम, चीयप्पारा, वाळरा

पेरुम्बावूर, कोतमंगलम ही गावं अंधारातच मागे टाका. दिवस उगवला की तिथं शाळेच्या आणि कामावर जाणाऱ्यांच्या गर्दीत अर्धा तास सहज जातो. नेरियामंगलमला पेरियार नदीवरचा 1935 सालचा कमानींचा पूल लागतो. घाट खरा सुरू होतो तो इथून. गोळी घ्यायची असेल तर कोतमंगलमलाच घ्या.

पुढचं जंगल दाट आणि रस्ता अरुंद. आधी चीयप्पारा येतो. डाव्या-उजव्या बाजूला शोधावं लागत नाही, रस्त्याला लागूनच सात टप्प्यांनी पाणी खाली उतरतं. सकाळी सातच्या सुमाराला पोचलात तर निवांत दिसतो. नऊनंतर टुरिस्ट बस लागतात आणि फोटोसाठी रांग लागते. तिथली माकडं हातातली पिशवी नेतात, काचा वर ठेवा आणि खायला देऊ नका. वाळरा त्याच्या पुढं, थोडा लांबून बघायचा. दोन्ही मिळून पाऊण तास पुरतो.

पाण्यात उतरायचं का? नाही. आपण उजनीच्या आणि हिप्परग्याच्या स्थिर पाण्याला सरावलेली माणसं. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो, आणि शेवाळलेल्या खडकावर पोहणाऱ्याचंही काही चालत नाही. कठड्याच्या अलीकडूनच बघा. वळणावर गाडी उभी करून रस्त्यात फोटो काढणं हाही तितकाच धोका आहे, कारण मागून येणाऱ्या बसला तुम्ही दिसत नाही.

आडिमालीला नाश्ता करा. पुट्टू आणि कडला करी, म्हणजे तांदळाच्या पिठाची वाफवलेली नळी आणि काळ्या हरभऱ्याची उसळ, एकदा तरी खाऊन बघा. शाकाहारी असाल तर ऑर्डर देतानाच 'व्हेज' असं ठासून सांगा आणि रस्सा कशाचा आहे तेही विचारा. तिथल्या साध्या हॉटेलांत मासे आणि बीफ रोजचंच असतं, ते काही लपवत नाहीत. आपणच न विचारता बसतो. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्यांना, घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्यांना मल्याळम आकडे कानावर पडले की बिलाचा अंदाज येतो. बाकीच्यांनी हिंदी-इंग्रजी मिसळून बोलावं, काही अडत नाही.

६. चहाचा कारखाना: दिवसाचा मुख्य थांबा, दहाच्या आत पोचा

इथं घाई करू नका. दोन पर्याय आहेत. मुन्नार गावापासून दोनेक किलोमीटरवर नल्लतण्णीला केडीएचपी (कण्णन देवन हिल्स प्लांटेशन्स) या मळेवाल्या कंपनीचं चहा संग्रहालय आहे. त्यात चहा बनवायचा छोटा प्रात्यक्षिक विभागही आहे. सोमवारी ते बंद असतं, आणि सुट्टीच्या बेतात नेमका सोमवार येतो. दुसरा पर्याय देवीकुलमच्या रस्त्यावरचा लॉकहार्टचा कारखाना. हा चालता कारखाना आहे आणि आत फिरवून दाखवतात. मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर संग्रहालय बरं. यंत्रं खरी चालताना बघायची असतील तर लॉकहार्ट. निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलवाल्याकडून फोन करवून उद्या तोडणी आणि काम चालू आहे का ते विचारून घ्या. यंत्रं बंद असतील तर नुसत्या लोखंडाकडे बघून यायचं.

संग्रहालयात 1913 सालचं दगडी सूर्यघड्याळ आहे, ते चुकवू नका. इथल्या जुन्या छोट्या रेल्वेच्या आठवणीही तिथं जपल्यात. हो, मुन्नारला रेल्वे होती. कुंडला खोऱ्यातून चहा वाहून नेणारी ही गाडी 1924 च्या महापुरात वाहून गेली आणि पुन्हा कधी बांधली गेली नाही.

कंपनीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. टाटांनी 2005 मध्ये हे मळे सोडले तेव्हा नव्या कंपनीचे भागधारक इथले कामगारच झाले. पण त्यावरून सगळं गोड होतं असं समजू नका. दहाच वर्षांनी, सप्टेंबर 2015 मध्ये, मळ्यातल्या हजारो बायका बोनस आणि मजुरीसाठी रस्त्यावर बसल्या. युनियनच्या पुढाऱ्यांनाही त्यांनी जवळ येऊ दिलं नाही. पेम्बिळै ओरुमै, म्हणजे बायकांची एकजूट, हे त्यांच्या संघटनेचं नाव तेव्हाचं.

आता प्रत्यक्ष चहा. तोडलेली पानं आधी लांब हौदांवर पसरतात आणि खालून हवा सोडतात. बारा-चौदा तासांत पान मऊ पडतं, मुठीत दाबलं तरी तुटत नाही. मग सीटीसीच्या (क्रश, टेअर, कर्ल) रुळांमधून ते जातं. दात्यांचे दोन रूळ वेगवेगळ्या गतीनं फिरतात, पान चिरडून, फाडून, गोळी होऊन बाहेर पडतं. या क्षणी ते हिरवंगार असतं. पुढच्या तासा-दीड तासात हवेतल्या प्राणवायूनं त्याचा रंग हिरव्याचा तांबूस होतो आणि कच्च्या पाल्याचा वास जाऊन फळासारखा वास येऊ लागतो. याला तिथं फर्मेंटेशन म्हणतात, पण यात आंबवणं काही नसतं. कापलेलं सफरचंद काळं पडतं तीच ही क्रिया. ती नेमकी कधी थांबवायची हे जाणकार माणूस अजूनही नाकानं आणि डोळ्यानं ठरवतो. थांबवायचं म्हणजे भट्टीत कडक गरम हवेत वाळवायचं. तिथं उभं राहिलात तर कपड्यांना दिवसभर तो वास राहतो. शेवटी चाळण्या लागतात आणि दाण्याच्या आकारावरून प्रत ठरते. एक किलो चहाला साधारण चार ते साडेचार किलो ओला पाला लागतो.

मार्गदर्शकाला एक प्रश्न जरूर विचारा: 'आज इथं काय चाललंय, सीटीसी की ऑर्थोडॉक्स?' ऑर्थोडॉक्समध्ये पान फाडत नाहीत, वळतात. त्याचा उपयोग खाली खरेदीत होईल.

७. मळ्यात फोटो काढताना

चहाचं झाड छाटलं नाही तर चांगलं उंच होतं. कमरेपर्यंत राखलेली ती हिरवी गादी म्हणजे वर्षानुवर्षांची छाटणी आहे. मळे खासगी आहेत, कुंपण ओलांडून आत शिरू नका. रस्त्याकडेला मोकळी जागा असते तिथून फोटो भरपूर मिळतात.

तोडणाऱ्या बायका बहुतेक तमिळ आहेत. हातात पेटी जोडलेली कात्री असते, झाडावरून फिरवली की पाला पेटीत जमतो, पेटी भरली की पाठीवरच्या पोत्यात. कमरेला जाड प्लास्टिक गुंडाळलेलं असतं, कारण सकाळी पानं ओली असतात आणि फांद्या साडी फाडतात. त्यांची मजुरी तोडलेल्या वजनाशीही बांधलेली असते, त्यामुळे 'अक्का, जरा इकडं बघा' म्हणून पाच मिनिटं थांबवलं तर नुकसान त्यांचंच. विचारून, लांबून, एकच फोटो काढा. आपल्या विडी कामगार बायकांसमोर कुणी पाहुणा कॅमेरा धरून उभा राहिला तर त्यांना कसं वाटेल, तेवढं डोक्यात ठेवलं की पुरे.

८. जेवण आणि दुपारचा एकच धबधबा

साडेबाराला जेवायला बसा. मुन्नार बाजारात तमिळ पद्धतीची शाकाहारी हॉटेलं आहेत. 'मील्स' मागितलं की भात, सांबार, रसम, भाज्या पोटभर मिळतात. एक वाजून गेला की जागा मिळत नाही.

त्यानंतर आट्टुकाड. मुन्नारपासून नऊएक किलोमीटर, पळ्ळिवासलच्या बाजूला आणि परतीच्याच दिशेनं, म्हणून निवडायचा. शेवटचा रस्ता अरुंद आहे, मोठी टेम्पो ट्रॅव्हलर असेल तर ड्रायव्हरला आधी विचारा. पुलावरून धबधबा समोर दिसतो आणि खालच्या खडकांकडे जायची गरज नाही. पळ्ळिवासललाच केरळचा पहिला जलविद्युत प्रकल्प 1940 मध्ये सुरू झाला, डोंगरावरून उतरणारे ते जाड पाइप रस्त्यावरून दिसतात.

लक्कम धबधबा चांगला आहे, पण तो मरयूरच्या रस्त्याला, म्हणजे अगदी उलट्या बाजूला. मुक्काम असेल तरच तो घ्या. इरविकुलम राष्ट्रीय उद्यानाचंही तेच. तिकडं निलगिरी ताहर नावाचे रानबकरे दिसतात, पण तिकीट, रांग आणि उद्यानाची बस यात अर्धा दिवस जातो, आणि पिल्लांच्या काळात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, ते बंद असतं. 'नीलकुरिंजी दाखवतो' असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या. त्या निळ्या फुलांचा मोठा बहर बारा वर्षांनी येतो. मागचा 2018 मध्ये होता, पुढचा 2030 मध्ये.

९. साडेतीनला परत फिरा

ड्रायव्हर 'अजून एक पॉइंट' म्हणेल, मुलंही म्हणतील. नाही म्हणा. चारनंतर धुकं उतरतं, सहानंतर घाटात अंधार होतो आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांशिवाय काही दिसत नाही. या भागात रानहत्तीही रस्त्यावर येतात. पडयप्पा नावाचा एक टस्कर तर इथं चांगलाच प्रसिद्ध आहे. हत्ती दिसला तर हॉर्न नाही, फ्लॅश नाही, उतरणं तर नाहीच. लांबच थांबायचं आणि तो जाईपर्यंत बसून राहायचं.

हरताळाचीही चौकशी आदल्या दिवशी करून ठेवा. केरळात हरताळ म्हणजे खरोखर सगळं बंद असतं, हॉटेलं आणि टॅक्सीसकट. परतीची रेल्वे त्याच रात्रीची काढू नका. घाटात एखादी दरड किंवा बंद पडलेला ट्रक आडवा आला की तिकीट वाया जातं.

१०. चहा कोणता घ्यायचा

कारखान्याच्या दुकानात सगळ्यांत महाग, लांब पानांचा ऑर्थोडॉक्स डबा बघून माणसं भुलतात. घरी येऊन दूध, साखर, आलं घालून पाच मिनिटं खळखळ उकळतात आणि म्हणतात, 'ह्यापेक्षा आपला नवी पेठेतला बरा.' तो चहा उकळायचा नसतोच. गरम पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवून गाळायचा, बिनदुधाचा प्यायचा.

घरच्या चहासाठी सीटीसी घ्या, त्यातही डस्ट. बारीक असल्यामुळे रंग लवकर सोडते आणि दुधात टिकते. मसाला चहाच्या तयार पुड्या घेऊ नका, वेलदोडा वेगळा घेऊन घरी कुटलेला बरा. पाकिटावर पॅकिंगची तारीख बघा. सोलापूरच्या उन्हात गाडीच्या डिकीत चहा ठेवू नका, आणि रेल्वेत तो शेंगाचटणीच्या किंवा साबणाच्या पिशवीत तर मुळीच ठेवू नका. चहा दुसऱ्याचा वास लगेच ओढतो, आणि मग अर्धा किलो चहा महिनाभर लसणाचा लागतो.